पावसाळा आला की घरातला आवाज बिघडतो? मशीन उघडण्याआधी खोली बघा

तक्रार अशी आहे. जानेवारी ते मे सिस्टीम झकास वाजते. जूनचा पहिला आठवडा उलटला की डग्गा घुमायला लागतो, बंदिशीचे शब्द एकमेकांत मिसळतात, आणि हॉलमध्ये उभं राहून टाळी वाजवली तर भिंतींमधून 'टर्रर्र' असा पत्र्यासारखा आवाज परत येतो. ऑक्टोबरात कोणीही काहीही न करता सगळं पूर्वपदावर. पुढच्या जूनला पुन्हा तेच.

माझ्या गोव्यातल्या फोंड्याच्या फ्लॅटमध्ये हे सलग चार वर्षं चाललं. पहिल्या वर्षी वाटलं, दमट हवा अँप्लिफायरात शिरली. दुरुस्तीला दिला. आठ दिवसांनी परत देताना मेकॅनिक म्हणाला, "सायबा, मशिनाक कांयच जावंक ना." (मशीनला काहीच झालेलं नाही.) मला तो कामचुकार वाटला. दुसऱ्या वर्षी दुसरा मेकॅनिक गाठला. त्याने कॅपॅसिटर बदलले, बऱ्यापैकी पैसे घेतले आणि मशीन ऑक्टोबरात हातात दिलं. सुरेख वाजलं! मी त्याचं नाव गावभर सांगत सुटलो आणि पुढच्या जूनमध्ये तोंडघशी पडलो. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, हे मला कळायला आणखी एक पावसाळा जावा लागला.

उलगडा झाला तो चवथीला. घरात चौदा माणसं, गणपतीवर माटोळी (फळाफुलांची टांगती सजावट), घुमट-शामेळ या वाद्यांच्या तालावर आरत्या झाल्या. बाहेर मुसळधार, खिडक्या घट्ट बंद. जेवणानंतर चुलतभावाने एक नाट्यगीत लावलं आणि मी चमकलो. आवाज मे महिन्यासारखा मोकळा. डग्गा वेगळा, तानपुरा वेगळा, शब्द स्वच्छ. विसर्जन झालं, पाहुणे गेले, दुसऱ्या दिवशी तेच गाणं त्याच आवाजात लावलं तर पुन्हा घुमटात बसून ऐकल्यासारखं. मशीन तेच, पाऊस तोच, दमटपणा तोच. बदलली होती ती फक्त खोलीतली माणसं.

आधी मशीनला दोषमुक्त करा

हे पाच मिनिटांचं काम आहे, पण वगळू नका, कारण आपल्याकडे पावसाळ्यात मशीन खरंच बिघडतातही. आवाजाचं बटण फिरवताना खरखर होत असेल तर तो बटणाखालच्या पट्टीवर साचलेल्या गंजाचा प्रश्न आहे, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून सुटतो. एकाच बाजूचा आवाज येत-जात असेल तर स्पीकरच्या डाव्या-उजव्या वायरी अदलाबदल करा. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर अँप्लिफायर किंवा त्याच्या अलीकडचं काहीतरी, त्याच स्पीकरात राहिला तर स्पीकर. जुन्या स्पीकरांत कोनाभोवती (थरथरणाऱ्या पडद्याभोवती) फोमची कडा असते, ती दमट हवेत कालांतराने चुरा होऊन गळते. बोट हलकेच लावून बघा. पापडासारखी मोडली तर मात्र पुढचं वाचून उपयोग नाही, आधी ती कडा बदला.

हे सगळं ठीक असेल तर त्याच अँप्लिफायरला हेडफोन लावा. हेडफोनवर स्वच्छ आणि स्पीकरवर घुमतं, म्हणजे संशय खोलीवर. खात्री हवी असेल तर एका उघडिपीच्या दिवशी स्पीकर बल्कांवात (घरापुढच्या उघड्या ओट्यावर) किंवा गच्चीवर नेऊन वाजवा. भिंतीच नाहीत तर घुमणार काय?

आणखी एक चाचणी गायकांच्या घरातली. गायिका केसरबाई केरकर आमच्याच तालुक्यातल्या केरीच्या. त्यांच्या ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणात खालचे खर्जाचे स्वर फारसे उतरलेलेच नाहीत. ते लावल्यावर घुमणं जवळपास नाहीसं होत असेल आणि आजचं स्टुडिओतलं रेकॉर्डिंग लावताच परत येत असेल, तर दोष खालच्या स्वरांत आहे हे नक्की.

जूनमध्ये खोलीत नेमकं काय बदलतं

माझा हॉल १५ फूट लांब, १० फूट रुंद, स्लॅबपर्यंत १० फूट उंच. चिऱ्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. गोव्यातल्या बहुतेक इमारतींत थोड्याफार फरकाने हेच. जुन्या कौलारू घरात कौलांच्या फटींतून आवाज वर निसटून जायचा. स्लॅबखाली त्याला जायला जागा नाही.

मे महिन्यात या हॉलचं बाल्कनीचं दार आणि खिडकी दिवसभर उघडी असतात, मिळून सुमारे ५८ चौरस फूट. (डासांची जाळी लावलेली असली तरी आवाजाला ती नसल्यासारखीच.) उघड्या खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. म्हणजे ती शंभर टक्के शोषून घेणारी भिंत झाली. हा माझा शोध नव्हे. हार्वर्ड विद्यापीठातले वॉलेस क्लेमेंट सॅबिन यांनी १८९५ मध्ये फॉग म्युझियमच्या घुमणाऱ्या व्याख्यानगृहावर काम सुरू केलं, तेव्हा शोषणाचं माप म्हणून 'उघडी खिडकी' हेच एकक वापरलं. त्या सभागृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास रेंगाळायचा. सॅबिन रात्री शेजारच्या सँडर्स थिएटरातल्या बैठकींच्या गाद्या उचलून आणायचे, मांडायचे, मोजायचे आणि सकाळच्या आत परत ठेवायचे. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरात आहे: घनमीटरांतल्या आकारमानाला ०.१६१ ने गुणा आणि उघड्या खिडकीच्या चौरस मीटरांत मोजलेल्या एकूण शोषणाने भागा, आवाज विरायला लागणारे सेकंद मिळतात.

माझ्या हॉलचं आकारमान ४२.५ घनमीटर. मे महिन्यात नुसत्या भिंती-फरशीचं शोषण साधारण २, सोफा आणि दोन-तीन माणसांचं ३.५, उघड्या दार-खिडकीचं ५.४, गालिचा आणि जाड पडद्यांचं २. बेरीज १३ च्या आसपास, म्हणजे आवाज अर्ध्या सेकंदात विरतो. संगीत ऐकायला घरात हे छान. आता जून. दार-खिडकी बंद, ५.४ गेले. गालिच्याला बुरशी धरते म्हणून सौ. तो गुंडाळून माळ्यावर टाकते, पडदे धुऊन काढून ठेवते, आणखी २ गेले. उरले साडेपाच. त्याच सूत्राने वेळ येते सव्वा सेकंदाच्या जवळ. दुपटीहून जास्त. पाऊस सुरू झाल्याच्या आठवड्यात मी स्वतःच्या हाताने खोलीतलं निम्म्याहून जास्त शोषण काढून टाकत होतो आणि शिव्या मेकॅनिकला देत होतो.

ऑक्टोबरात खिडक्या उघडतात, गालिचा उन्हात पडून परत येतो. मशीन 'बरं' होतं.

चवथीचं कोडंही इथेच सुटलं. एक माणूस साधारण अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज खातो. चौदा माणसं म्हणजे सात. बंद खिडकीची भरपाई आमच्या आते-मामेभावंडांनी केली होती.

डग्गा एकाच सुरात का बोलतो

वरचं गणित शब्द मिसळण्याचं आणि 'टर्रर्र'चं झालं. खर्जाच्या घुमण्याचं कारण वेगळं, आणि तिथे सॅबिनचं सूत्र चालत नाही. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर तबला शिकवणारे एक सर राहतात. ते एकदा चहाला आले, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "अहो, हा डग्गा कुठलाही ठेका असो, एकच सूर काढतोय. घिस्सा कुठे गेला?" घिस्सा म्हणजे डग्ग्यावर तळवा घासून सूर वर-खाली नेणं. अगदी बरोबर पकडलं.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या सुराची अर्धी लहर बरोबर बसते, तो सूर खोली धरून ठेवते. आपल्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ११४२ फूट जातो. १५ फुटांसाठी हा सूर ३८ हर्ट्झ, त्याची दुप्पट ७६, तिप्पट ११४. १० फुटांसाठी ५७, दुप्पट ११४. आणि माझी रुंदी आणि उंची दोन्ही १० फूट! म्हणजे ११४ हर्ट्झवर लांबी, रुंदी, उंची तिघीही एकाच सुरात ओरडतात. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा षड्ज १३८-१३९ हर्ट्झ असतो आणि मंद्र धैवत ११६ च्या जवळ. बसल्या जागी मला मंद्र धैवत आला की कोणीतरी बटण फिरवल्यासारखं वाटायचं, ते उगीच नव्हतं. उन्हाळ्यात यातला बराच जोर दार-खिडकीतून बाहेर निसटतो. सगळं बंद केलं की तो आतच थैमान घालतो.

तुमच्या खोलीचा सूर काढायचा तर ११४२ ला लांबीच्या दुपटीने भागा, मग रुंदीच्या, मग उंचीच्या. दुप्पट-तिप्पट लिहून काढा. जिथे आकडे एकावर एक पडतील तिथे गोम आहे. मग मोबाइलवर टोन जनरेटरचं ॲप घेऊन, आवाज कमी ठेवून, ३० पासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढवत जा. नेहमीच्या जागेवर बसूनच ऐका. ज्यांना आलेख बघायची हौस आहे त्यांनी 'रूम ईक्यू विझार्ड' हे फुकटचं सॉफ्टवेअर आणि मोजमापाचा माइक वापरावा. मोबाइलच्या माइकवर खर्जाच्या बाबतीत विसंबू नका.

अडीच फूट

आमचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आणि स्पीकर शोकेसच्या दोन टोकांना, थेट कोपऱ्यांत. गोव्यात काय, अख्ख्या महाराष्ट्रात हीच मांडणी. आणि घुमण्यासाठी याहून चांगली मांडणी शोधून सापडणार नाही. कोपरा हा भिंतींमधला कर्णा आहे आणि मागच्या भिंतीजवळ प्रत्येक खर्ज फुगलेला असतो.

११४ हर्ट्झची पाव लहर अडीच फूट होते. भिंतीपासून तेवढ्या अंतरावर तो सूर जवळपास शून्य असतो. म्हणून सोफा पुढे ओढला, कान भिंतीपासून अडीच फुटांवर येईल इतका. स्पीकर कोपऱ्यांतून काढून बाजूच्या भिंतींपासून अडीच फुटांवर घेतले आणि मेस्ताकडून (सुताराकडून) असे स्टँड करून घेतले की मोठा कोन जमिनीपासून अडीच फुटांवर येईल. एवढ्याने मंद्र धैवत ताळ्यावर आला. एक पैसाही न घालवता झालेली ही सर्वांत मोठी सुधारणा, स्टँडचं लाकूड सोडून. मात्र समोरच्या, म्हणजे स्पीकरमागच्या, भिंतीपासूनही तेवढंच अंतर ठेवलं तर त्याच सुराचा खड्डा पडतो, मंद्र धैवत गायबच होतो. तिथे दीड फूट ठेवलं.

अनेकजण सांगतात, खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसा. मीही बसून बघितलं. १५ फुटांत ते पावणेसहा फूट येतं, म्हणजे स्वयंपाकघराच्या वाटेत खुर्ची. वर माझ्या खोलीत लांबीचा ११४ तिथे अजून चांगलाच फुगलेला. नियम वाईट नाही, पण आपल्या खोलीचं गणित आधी करा. आणि हो, दोन स्पीकरांत आता पाचच फूट अंतर आहे, त्यामुळे आवाजाचा पडदा थोडा अरुंद झाला. ती किंमत मी दिली.

बुरशी न धरणारी गादी

आता वरच्या सुरांचं रेंगाळणं. काही विकत घेण्याआधी सॅबिन करा: घरातल्या गाद्या आणा. काथ्याची, चार इंच जाड, असली तर उत्तम. एक-एक करून बाजूच्या भिंतींना उभ्या करा आणि तेच गाणं ऐका. कुठे? आपल्या जागेवर बसा, दुसऱ्याला भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात जिथे स्पीकरचा वरचा लहान कोन दिसेल, तिथूनच आवाज भिंतीवर आपटून तुमच्याकडे येतो. गादी तिथे. मुलाला आरसा धरायला लावलं होतं, त्याला हा वेडेपणा वाटला. गादी काढल्यावर मात्र "बाबा, परत लावा" तोच म्हणाला.

गादी कायमची उभी ठेवता येत नाही, आणि आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. कापूस, तरट, घोंगडी, जे भिंतीला लावाल त्याच्यावर पंधरा दिवसांत काळे-हिरवे ठिपके. इंटरनेटवरून येणारे फोमचे एक इंची चौकोनही घेऊ नका. ते फक्त अगदी वरचे सूर खातात, खालचं घुमणं तसंच राहतं आणि खोली तोंडावर उशी दाबल्यासारखी दबकी होते. वर फोम पेट घेतो. अंड्यांच्या ट्रेबद्दल बोलायलाच नको. त्यात आवाज अडत नाही, झुरळं मात्र अडतात.

मी रॉकवूलचे स्लॅब आणले, घनमीटरला ४८ किलो घनतेचे. एक मीटर बाय साठ सेंटिमीटर, दोन इंच जाड. दोन-दोन एकावर एक ठेवून मरीन प्लायच्या चौकटीत बसवले, वर पॉलिएस्टरचं विरळ कापड. कापड निवडताना तोंडाला लावून फुंकर मारायची, हवा आरपार गेली तर आवाजही जातो. रॉकवूल दगडाच्या तंतूंचं असल्याने बुरशीला त्यात खायला काही नाही, ती धरते वर बसलेल्या धुळीवर. हाताळताना मात्र मास्क आणि हातमोजे हवेतच, अंगाला खाज सुटते. चौकटी भिंतीला चिकटवू नका, मागे दोन इंच जागा सोडून आकड्यांवर टांगा. मागून हवा खेळली तर ओल धरत नाही, आणि तीच जागा पॅनेलला आणखी खालपर्यंतचे सूर खायला मदत करते. एका दगडात दोन पक्षी.

अशी आठ पॅनेल झाली: बाजूच्या भिंतींवर दोन-दोन, सोफ्यामागे दोन, स्पीकरमागच्या कोपऱ्यांत एक-एक. मिळून पाच चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे बंद झालेली दार-खिडकी जवळपास भरून निघाली. टाळीचा 'टर्रर्र' गेला. ११४ वर या पॅनेलचा फारसा परिणाम नाही. ते काम अडीच फुटांनीच केलं.

पॅनेल आकड्यांवर असल्याचा फायदा असा की ती वर्षभर भिंतीवर लागत नाहीत. आमच्याकडे पावसाळ्याआधी सुकं मासळं, मिरच्या, आमसुलं भरून ठेवतात त्याला पुरुमेंत म्हणतात. माझ्या पुरुमेंतात आता आठ पॅनेलही आहेत. मेअखेर टांगायची, दसऱ्याच्या सुमारास उन्हं दाखवून पुन्हा माळ्यावर. त्यांची जागा गालिचा घेतो.

शेजाऱ्यांना त्रास होतो म्हणून कोणी पॅनेल लावणार असेल तर थांबा. ही आतला आवाज सुधारतात, बाहेर जाणारा अडवत नाहीत. ते काम जड भिंतीचं आणि घट्ट बसणाऱ्या दाराचं.

इक्वलायझर अगदी शेवटी, आणि फक्त कमी करायला. माझ्याकडे ११४ वर उरलेला थोडा फुगवटा चार डेसिबलने खाली घेतला. एखाद्या जागी सूर ऐकूच येत नसेल तर तो वाढवू नका, खोली तो तितक्याच जोरात खोडून काढते आणि अँप्लिफायर मात्र उगीच राबतो.

उरलेली खडखड

पॅनेल लागल्यावरही एक बारीक खरखर राहिली होती आणि मला पुन्हा स्पीकर फाटल्याची शंका आली. सवय जात नाही. गाणं चालू ठेवून घरभर हात लावत फिरलो. बाल्कनीच्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचेवर हात ठेवताच आवाज थांबला. दार उघडं असतं तेव्हा काचा एकमेकींमागे गप्प असतात, बंद केलं की डग्ग्याबरोबर थरथरतात. चौकटीत रबराची पट्टी घातली. शोकेसमधली एक पितळी समई आणि ट्यूबलाइटची पट्टीही याच कटात सामील होती.

मग उरला तो खुद्द पाऊस. खिडकीवरच्या पत्र्याच्या पाख्यावर सरी कोसळल्या की तानपुरा बुडून जातो, आणि आपण नकळत आवाज वाढवतो, की घुमणं पुन्हा सुरू. पत्र्यावर काथ्याचं जाड पायपुसणं तारेने आवळून बांधलं. ताडताडचं पुटपुट झालं. दारातलं पायपुसणं कुठे गेलं, हे सौ. अजून विचारते आहे.